धर्माच्या नावावर मत मागितलं की आयोग निवड रद्द करतो? नाही

सांगली-मिरजेत, साताऱ्यात निवडणूक आली की दोन समज हमखास ऐकू येतात. एक, उमेदवाराने स्वतःचा धर्म पुढे केला तरच ते बेकायदा. दोन, आयोगाकडे तक्रार केली की निवडून आलेला उमेदवार बाद होतो. दोन्ही चूक.

पहिल्याचा निकाल २ जानेवारी २०१७ रोजीच लागला. सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी ४ विरुद्ध ३ अशा बहुमताने ठरवलं की लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३(३) मध्ये, म्हणजे धर्म, जात, भाषेच्या नावावर मत मागायला बंदी घालणाऱ्या कलमात, मतदाराचा धर्म, जात, भाषाही येते.

आयोग आचारसंहितेखाली नोटीस देतो, प्रचारबंदी घालतो. निकालानंतर निवड रद्द करतं ते उच्च न्यायालय, निवडणूक याचिकेवर. ती मतदारसंघातला कोणताही मतदार करू शकतो, आणि हे लोकांना माहीत असायलाच हवं! मुदत निकालापासून ४५ दिवस. उशीर माफ होत नाही. २,००० रुपये अनामत आणि नमुना २५ मधलं प्रतिज्ञापत्र लागतं. याचिका ढासळते ती तपशिलात. ‘सभेत धर्म काढला’ एवढं पुरत नाही. कोण, कुठे, कधी, नेमकं काय बोललं ते लिहावं लागतं. वक्ता दुसरा असेल तर उमेदवाराची किंवा त्याच्या निवडणूक प्रतिनिधीची संमतीही दाखवावी लागते.

विलेपार्ल्याच्या १९८७ च्या पोटनिवडणुकीतली रमेश प्रभू यांची निवड याच कायद्याने रद्द झाली. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते कायम ठेवलं.

हे लोकसभा-विधानसभेपुरतं. जिल्हा परिषद, ग्रामपंचायतीचे कायदे वेगळे.