मनोविकारांवरील औषधे व त्यांचे दुष्परिणाम : ठाणे–नवी मुंबई परिसर

मेंदूतील डोपामिन, सेरोटोनिन यांसारख्या संदेशवाहक रसायनांच्या कार्यात बदल घडवून स्किझोफ्रेनिया, द्विध्रुवी विकार (अतिउत्तेजित उन्माद आणि नैराश्य आलटून-पालटून येणे), नैराश्य, चिंताविकार, मंत्रचळ (ओसीडी) अशा आजारांची लक्षणे आटोक्यात आणणारी औषधे. त्यांचे ढोबळ गट चार : मनोविकृतीविरोधी, नैराश्यविरोधी, भावस्थिती स्थिर ठेवणारी आणि चिंता कमी करणारी. गटाच्या नावावरून आजार ओळखायला जाऊ नये. नैराश्यविरोधी गोळी मंत्रचळातही देतात, आणि क्वेटियापिन स्किझोफ्रेनियाइतकेच द्विध्रुवी विकारातही वापरतात. या औषधांबाबत घरच्यांना आधीच सांगायला हवी अशी गोष्ट म्हणजे त्रास अगोदर जाणवतो आणि गुण मागाहून येतो. मळमळ, सुस्ती, तोंडाची कोरड पहिल्या काही दिवसांतच सुरू होते. नैराश्यात मनाला उभारी यायला मात्र दोन ते सहा आठवडे लागतात. हे माहीत नसले की अनेकजण नेमक्या याच मधल्या काळात गोळ्या सोडून देतात.

पार्श्वभूमी : ठाण्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय 1901 मध्ये सुरू झाले. येरवडा, नागपूर व रत्नागिरी येथील मनोरुग्णालयांसह ते राज्याच्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक असून त्याची मंजूर क्षमता 1,850 खाटांची आहे. ते उघडले तेव्हा जगात कुठेच या आजारांवर नेमके औषध नव्हते. होती ती फक्त गुंगी आणणारी द्रव्ये. 1949 मध्ये ऑस्ट्रेलियात जॉन केड यांनी उन्मादावर लिथियमचा गुण दाखवला आणि 1952 मध्ये पॅरिसला क्लोरप्रोमाझिन या मनोविकृतीविरोधी औषधाचा वापर सुरू झाला. भारताचा वाटा सर्पगंधा या औषधी वनस्पतीचा. गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी 1931 मध्ये तिचा उपयोग उन्माद व रक्तदाब या दोन्हींवर नोंदवला, तर मुंबईचे रुस्तुम जाल वकील यांनी 1949 मध्ये रक्तदाबावरील तिचा गुण जगासमोर मांडला. तिच्यापासून मिळालेले रेसर्पिन पुढे मनोरुग्णांना दिले जाऊ लागले. ते घेणाऱ्या काहींना नैराश्य आल्याच्या नोंदी झाल्या, आणि मेंदूतील रसायने व मनाची अवस्था यांचा संबंध शोधायला त्या नोंदींनीच चालना दिली. दुष्परिणामाची नोंद गांभीर्याने घेतली तर त्यातून शास्त्र पुढे जाते, ते असे.

कोकण-मुंबईत ‘याला ठाण्याला पाठवा’ हे वाक्य अजूनही सर्रास फेकले जाते. त्याची इजा केवळ भावनिक नाही. त्या भीतीपोटी गोळ्यांची पाकिटे लपवली जातात, घराजवळचा डॉक्टर टाळून लांबचा गाठला जातो, आणि हाडांच्या किंवा मधुमेहाच्या डॉक्टरला ‘दुसरं काही चालू नाही’ असे सांगितले जाते. टाळता येण्याजोगे बरेच गंभीर दुष्परिणाम या लपवाछपवीतून घडतात.

लिथियम हे त्याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण. द्विध्रुवी विकारात, विशेषतः आत्महत्येचा धोका कमी करण्यात, त्याच्या तोडीची औषधे थोडीच आहेत. पण उपयुक्त मात्रा आणि विषारी मात्रा यांत अंतर फार कमी असते. रक्तातील पातळी साधारणपणे लिटरमागे 0.6 ते 1.0 मिलिमोल ठेवतात, 1.5 च्या वर विषबाधेची लक्षणे दिसू लागतात. तपासणीचे रक्त शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी द्यायचे असते. शरीरातले पाणी व मीठ कमी झाले की मूत्रपिंड लिथियम धरून ठेवते आणि तीच मात्रा जास्त ठरते. मे महिन्यात ठाणे–बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यात आठ तास घाम गाळणारा कामगार, पावसाळ्यात जुलाब-उलट्यांनी बेजार झालेला रुग्ण, निर्जळी उपवास करणारी गृहिणी किंवा राबोडी-मुंब्र्यात रमजानचे रोजे धरणारा तरुण, या सगळ्यांनी आधी डॉक्टरांशी बोलायलाच हवे. गुडघेदुखीसाठी परस्पर घेतलेले आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक, तसेच रक्तदाबाच्या काही गोळ्याही पातळी चढवतात. हाताची बारीक थरथर व वारंवार लघवी हा नेहमीचा त्रास आहे. मोठा कंप, उलट्या, बोबडे बोलणे आणि तोल जाणे ही मात्र विषबाधेची खूण आहे. अशा वेळी पुढची गोळी न देता रुग्णाला थेट रुग्णालयात न्यावे. थायरॉईड व मूत्रपिंडाची तपासणी दर सहा महिन्यांनी करतात.

भावस्थिती स्थिर ठेवणाऱ्या गटातल्याच व्हॅल्प्रोएटमुळे गर्भाच्या मणक्यात दोष येऊ शकतो आणि पुढे बाळाच्या बौद्धिक वाढीवरही परिणाम होऊ शकतो. म्हणून मूल होण्याच्या वयातील स्त्रीला ते शक्यतो देत नाहीत. दिवस गेल्याचे कळताच ते एकदम बंद करणेही धोक्याचे. त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

मनोविकृतीविरोधी औषधे : हॅलोपेरिडॉलसारख्या जुन्या औषधांनी मान वाकडी होऊन आखडणे, अंग ताठरणे, हात कापणे असे त्रास होतात. त्यातला एक हमखास चुकीचा वाचला जातो. रुग्णाला एका जागी बसवत नाही, तो घरात येरझाऱ्या घालत राहतो. घरच्यांना वाटते आजार वाढला आणि ते जादा गोळी देतात. प्रत्यक्षात ती बेचैनी गोळीचीच असते, आणि मात्रा कमी करणे किंवा औषध बदलणे हा त्यावरचा इलाज. कंपासाठी दिलेल्या ट्रायहेक्सिफेनिडिलने बद्धकोष्ठ व विसराळूपणा येतो. वयस्कांचा तर गोंधळ उडतो. वर्षानुवर्षांच्या वापराने ओठ-जिभेच्या अनैच्छिक हालचाली सुरू झाल्या तर त्या औषध थांबवूनही राहू शकतात. नव्या औषधांत ताठरपणा कमी, पण ओलांझापिनने भूक खवळते, वजन आणि साखर वाढते. उपचार सुरू करतानाच वजन, कंबरेचा घेर व साखर लिहून ठेवली तर पुढे वाद राहत नाही. रिस्पेरिडोनने पाळी लांबते, क्वचित स्तनातून दूध येते. तरुण मुलीच्या घरात यावरून नाहक संशय घेतला जातो, तेव्हा हे आधी सांगणे ही डॉक्टरांची जबाबदारी मानायला हवी. इतर औषधांना दाद न देणाऱ्या आजारात क्लोझापिन गुणकारी ठरते. त्याने क्वचित पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत घटतात, म्हणून सुरुवातीचे काही महिने दर आठवड्याला रक्त तपासतात. ताप किंवा घसादुखी आली तर त्याच दिवशी तपासणी करावी. त्याने होणारे तीव्र बद्धकोष्ठही जिवावर बेतू शकते. या गटातील कोणत्याही औषधावर असताना तीव्र ताप, लाकडासारखे ताठ अंग आणि भ्रम एकत्र दिसले तर ती तातडीची अवस्था आहे.

नैराश्यविरोधी औषधे : एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन ही आज नेहमी दिली जाणारी नावे. त्यांची सवय लागत नाही. मात्र अचानक थांबवल्यास चक्कर, चिडचिड, डोक्यात करंट लागल्यासारखे झटके जाणवतात. पंचविशीच्या आतल्या रुग्णांत सुरुवातीला आत्महत्येचे विचार बळावू शकतात, तेव्हा पहिले काही आठवडे घरच्यांनी जवळ असावे. वयस्कांत रक्तातील सोडियम उतरू शकते. कामेच्छा घटणे हा अगदी नेहमीचा त्रास, पण तपासणीच्या खोलीत सासू किंवा भाऊ बसलेला असताना तो कोण बोलून दाखवणार? डॉक्टरांनी दोन मिनिटे एकट्याशी बोलावे. वेदनेसाठी ट्रामाडॉल घेताना ही गोळी चालू असल्याचे सांगणे आवश्यक असते, कारण दोन्ही मिळून सेरोटोनिनचा अतिरेक होऊ शकतो.

चिंता व झोपेसाठी दिल्या जाणाऱ्या अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम यांची सवय मात्र खरोखर लागते. ऐरोली-महापेत रात्रपाळी करून दिवसा झोपू पाहणाऱ्यांनी याबाबत विशेष सावध राहावे. मार्च 2014 पासून अल्प्राझोलाम औषधविक्रीच्या नियमांतील ‘एच-1’ या सूचीत आहे : पाकिटावर लाल चौकट, डॉक्टरची चिठ्ठी, आणि दुकानात तीन वर्षे जपायची स्वतंत्र नोंद. दारूसोबत या गोळ्या घेतल्यास श्वास मंदावतो. एकदम सोडल्यास फिट येऊ शकते. मात्रा आठवड्या-आठवड्याने उतरवावी.

सोयी : मनोरुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात दाखल न होताही उपचार घेता येतात, मनोविकारतज्ज्ञ कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयातही आहेत. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी 1990 मध्ये ठाण्यात उभारलेल्या आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) या संस्थेने समुपदेशन आणि लोकशिक्षणाचे मोठे काम केले आहे. 2022 मध्ये सुरू झालेल्या टेली-मानस या दूरध्वनीवरील मानसिक आरोग्य सेवेचा क्रमांक 14416. औषधाचा त्रास नोंदवायला केंद्राच्या औषधसुरक्षा कार्यक्रमाचा 1800-180-3024 हा निःशुल्क क्रमांक आहे, आणि तिथे डॉक्टरांप्रमाणे रुग्ण किंवा त्याच्या घरचेही नोंद करू शकतात.