न्यूझीलंडने आशियात जावं का? एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

१३ जून २०२२ च्या रात्री कतारमधल्या अहमद बिन अली स्टेडियममध्ये ऑस्ट्रेलियाचा बदली गोलरक्षक अँड्र्यू रेडमेन गोलरेषेवर हातपाय झाडत नाचला, पेरूची शेवटची पेनल्टी अडवली, आणि ऑस्ट्रेलिया फुटबॉलच्या विश्वचषकात पोचला. दुसऱ्या रात्री त्याच मैदानावर न्यूझीलंडची गाठ कोस्टा रिकाशी पडली. तिसऱ्याच मिनिटाला कोस्टा रिकाच्या जोएल कॅम्पबेलने गोल केला. न्यूझीलंडच्या क्रिस वूडने साधलेली बरोबरी व्हीएआरने, म्हणजे व्हिडिओ पाहून निर्णय देणाऱ्या पंचांनी, रद्द केली. बदली म्हणून आलेला त्यांचाच कोस्टा बार्बारूसिस काही मिनिटांतच लाल कार्ड घेऊन परतला. निकाल १-०, विश्वचषक हुकला.

ऑस्ट्रेलियाने या विश्वचषकाच्या पात्रता फेऱ्यांत एकूण २० सामने खेळले होते. न्यूझीलंडने फक्त सहा, आणि कोस्टा रिका सोडता बाकीचे पाच पापुआ न्यू गिनी, फिजी, न्यू कॅलेडोनिया, ताहिती आणि सॉलोमन बेटांशी. पात्रता फेऱ्या खंडवार महासंघांतून होतात. ऑस्ट्रेलिया आशियाई महासंघात आहे, न्यूझीलंड ओशनियात, म्हणजे पॅसिफिक बेटांच्या महासंघात. शेजाऱ्यामागोमाग आपणही आशियात जावं का, हा वाद तिथे अशा प्रत्येक पराभवानंतर उकरून काढला जातो.

ओशनिया महासंघ निघाला तोच नकारातून. साठच्या दशकात आशियाने ऑस्ट्रेलियाला आत घेतलं नाही, तेव्हा १९६६ मध्ये न्यूझीलंडचे चार्ली डेम्पसी आणि ऑस्ट्रेलियाचे जिम बायुटी यांनी वेगळी चूल मांडली. तिला पूर्ण महासंघाचा दर्जा मिळायला १९९६ उजाडलं. ऑस्ट्रेलिया १९७२ मध्ये एकदा बाहेर पडून १९७८ मध्ये परतलाही. कुठेच सोय लागत नसलेल्यांची इथे सोय लावली जाई. तैवान १९७५ ते १९८९ इथे होता, आणि आशियातून काढलेला इस्रायल १९८६ व १९९० च्या विश्वचषकांसाठी इथूनच पात्रता फेऱ्या खेळला.

न्यूझीलंडने पहिला विश्वचषक गाठला तो मात्र आशियाच्याच वाटेने. १९८२ साठी आशिया आणि ओशनिया यांना मिळून दोन जागा होत्या. अंतिम गटात न्यूझीलंडबरोबर कुवेत, चीन आणि सौदी अरेबिया. कुवेतने एक जागा घेतली. शेवटच्या सामन्यात रियाधमध्ये सौदीला सहा गोलांनी हरवलं असतं तर थेट प्रवेश होता, पाच गोलांनी हरवलं तर चीनशी बरोबरी. मध्यंतरालाच ५-० झालं होतं आणि तिथेच थांबलं. मग १० जानेवारी १९८२ ला सिंगापूरमध्ये चीनशी निर्णायक सामना झाला आणि तो २-१ ने जिंकून, एकूण १५ सामने खेळून, संघ स्पेनला गेला. आशियात आपला निभाव लागणार नाही असं म्हणणाऱ्यांना जुने लोक हीच मोहीम ऐकवत असणार.

ऑस्ट्रेलियाचं दुखणं वेगळं होतं. ओशनियात त्याला क्वचितच कुणी हरवत असे, पण ओशनियाला थेट जागा नव्हती. शेवटी दुसऱ्या खंडातल्या संघाशी प्ले-ऑफ खेळावाच लागे. १९९३ मध्ये अर्जेंटिना, १९९७ मध्ये इराण, २००१ मध्ये उरुग्वे, तिन्ही वेळा पदरी निराशाच. २००१ च्या एप्रिलमध्ये कॉफ्स हार्बरला अमेरिकन सामोआविरुद्ध ३१-० झालं, एकट्या आर्ची थॉम्पसनचे १३ गोल. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये उरुग्वेविरुद्ध माँटेव्हिडिओत ०-३. तयारी कसली आणि परीक्षा कसली, हे एका वर्षातले हे दोन आकडे सांगतात. डिसेंबर २००२ मध्ये फिफाने, म्हणजे फुटबॉलच्या जागतिक संघटनेने, ओशनियाला एक थेट जागा देऊ केली आणि सहा महिन्यांत परत घेतली. मग ऑस्ट्रेलियाने आशियाचं दार ठोठावलं ते उघडेपर्यंत. गंमत म्हणजे नोव्हेंबर २००५ मध्ये, ओशनियातल्या शेवटच्या प्रयत्नात, त्याने उरुग्वेला शूटआउटमध्ये हरवलंच. १ जानेवारी २००६ पासून तो आशियात गेला आणि २०१५ मध्ये आशियाई चषकही जिंकला.

थोरला भाऊ गेल्यावर घर न्यूझीलंडकडे आलं. २००९ च्या प्ले-ऑफमध्ये वेलिंग्टनला रोरी फॅलनचा हेडर आणि मार्क पॅस्टनने अडवलेली पेनल्टी यांच्या जोरावर बहारीन हरला. २०१० च्या विश्वचषकात स्लोव्हाकिया, इटली आणि पॅराग्वे यांच्याशी बरोबरी झाली आणि त्या अख्ख्या स्पर्धेत न हरलेला हा एकमेव संघ ठरला. पण पुढच्या प्ले-ऑफमध्ये मेक्सिकोने दोन सामन्यांत मिळून ९-३ ने धुतलं, पेरूने २०१७ मध्ये अडवलं, मग कोस्टा रिका. घर राखणंही दरवेळी जमलं नाही. २०१२ च्या ओशनिया चषकात उपांत्य फेरीत न्यू कॅलेडोनियाने त्यांना हरवलं.

महासंघ बदलणं म्हणजे केवळ अर्ज भरणं नव्हे. फिफाच्या नियमांत ही अपवादात्मक बाब आहे. नवा महासंघ तयार हवा, भौगोलिक महासंघाचं मत घ्यावं लागतं. कझाकस्तान २००२ मध्ये आशिया सोडून युरोपात गेला. तिथून विश्वचषक अजून लांबच आहे, पण मार्च २०२३ मध्ये अस्तानात ०-२ वरून डेन्मार्कला ३-२ हरवण्याची संध्याकाळ त्याला युरोपातच मिळाली.

२०२६ पासून विश्वचषक ४८ संघांचा झाला, ओशनियाला हक्काची एक जागा मिळाली आणि सगळं गणितच फिरलं. न्यूझीलंडने पाच सामन्यांत २९ गोल केले, एक खाल्ला. २४ मार्च २०२५ ला ईडन पार्कवर न्यू कॅलेडोनियाला ३-० ने हरवून तो पात्र ठरला. त्यातला दुसरा गोल त्याच बार्बारूसिसचा. आशियाला आठ थेट जागा मिळूनही चीन बाहेर राहिला, हे पाहता केवळ तिकिटासाठी आता कुणी हलणार नाही, आणि माझ्या मते हलूही नये. पण विश्वचषक चार वर्षांनी येतो. मधल्या काळात वूडसारख्या खेळाडूला ताकदीचे सामने कुठून आणायचे, याचं उत्तर या जागेत नाही.

क्लबांचं दुखणं तर तसंच आहे. ऑस्ट्रेलियाच्या ए-लीगमध्ये नवा कोरा ऑकलंड एफसी २०२४-२५ च्या पहिल्याच हंगामात गुणतक्त्यात अव्वल आला. तरी आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये त्याला जागा नाही, कारण न्यूझीलंड ओशनियात. आणि त्याच शहराचा हौशी ऑकलंड सिटी ओशनियाचा प्रतिनिधी म्हणून २०२५ चा क्लब विश्वचषक खेळायला अमेरिकेत गेला. नोकरीतून रजा काढून आलेले हे खेळाडू बायर्न म्युनिककडून १०-० ने हरले, आणि नऊ दिवसांनी त्यांनी अर्जेंटिनाच्या बोका ज्युनियर्सला १-१ असं रोखलं. गोल करणारा क्रिस्टियन ग्रे तेव्हा शिक्षक होण्याचं प्रशिक्षण घेत होता.