सूची आणि आढावा : युरोपीय भाषा-साहित्यातील नव्या संशोधनाचा माग काढणारी दोन साधने

जर्मन, फ्रेंच, स्पॅनिश किंवा पोर्तुगीज साहित्यावर प्रबंध लिहू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याला मार्गदर्शक पहिल्याच भेटीत सांगतात, की या विषयावर अलीकडे काय काम झाले आहे ते आधी पाहून या. विद्यार्थी शोध घेऊ लागतो तेव्हा त्याच्यासमोर दोन प्रकारची साधने येतात. दोन्ही वर्षावर्षाने निघालेली असतात, दोन्हींत आडनावे, शीर्षके, नियतकालिकांचे संक्षेप आणि पृष्ठांक यांची दाटी असते, आणि ग्रंथालयात दोन्ही संदर्भविभागाच्या एकाच कपाटात शेजारीशेजारी ठेवलेली असतात. त्यामुळे ती एकाच कामाची आहेत असा समज सहज होतो. प्रत्यक्षात त्यांतील एक सूची असते आणि दुसरा आढावा असतो. सूची काय काय लिहिले गेले ते नोंदवते. आढावा त्या लेखनातून काय निष्पन्न झाले ते सांगतो.

हा गोंधळ या साधनांच्या जन्मापासूनचा आहे. पहिले महायुद्ध अजून चालू असताना, 1918 मध्ये, केंब्रिज येथे मॉडर्न ह्युमॅनिटीज रिसर्च असोसिएशन ही संस्था स्थापन झाली. इंग्रजी भाषा आणि साहित्य यांवर 1920 मध्ये जे प्रसिद्ध झाले त्याची वार्षिक सूची तिने 1921 मध्ये छापली. त्याच 1921 मध्ये, त्याच देशात, इंग्लिश असोसिएशन या दुसऱ्या संस्थेने ‘द इयर्स वर्क इन इंग्लिश स्टडीज’ या वार्षिक आढाव्याचा पहिला खंड काढला. अटलांटिकपलीकडे अमेरिकेच्या मॉडर्न लँग्वेज असोसिएशनने 1921 मधील लेखनापासून आपली ‘अमेरिकन बिब्लिओग्राफी’ सुरू केली. आज संगणकावर सर्वाधिक पाहिली जाणारी या क्षेत्रातील सूची ती हीच. पुढे 1931 मध्ये केंब्रिजच्या संस्थेने ‘द इयर्स वर्क इन मॉडर्न लँग्वेज स्टडीज’ हा आढावा सुरू केला आणि इंग्रजी वगळून फ्रेंच, इटालियन, स्पॅनिश, पोर्तुगीज, जर्मन, तसेच केल्टिक, स्कँडिनेव्हियन आणि स्लाव्ह भाषांचे अभ्यास हळूहळू त्याच्या कक्षेत आणले. म्हणजे एकाच संस्थेने इंग्रजीसाठी सूची केली आणि उरलेल्या युरोपसाठी आढावा केला. दोन्ही खंडांवर एकाच प्रकाशकसंस्थेचे नाव पाहणाऱ्या वाचकाला त्यांतील फरक चटकन उमगला नाही, तर त्यात त्याचा दोष नाही.

फरक डोळ्यांनी पाहायचा असेल, तर एकच शोधनिबंध दोन्हीकडे कसा दिसतो ते पाहावे. समजा, अठराव्या शतकातील एखाद्या फ्रेंच कादंबरीच्या दुसऱ्या आवृत्तीविषयी कोणी निबंध लिहिला आहे. सूचीत त्याची नोंद दोन-तीन ओळींत आटोपते: लेखकाचे आडनाव आणि नाव, निबंधाचे शीर्षक, नियतकालिक, खंड, वर्ष, पृष्ठे. त्याखाली विषयशीर्षके येतात: फ्रेंच साहित्य, 1700 ते 1799, कादंबरीकाराचे नाव, कादंबरीचे नाव, प्रकाशन-इतिहास. नोंद करणाऱ्याचे मत त्यात कुठेही उमटत नाही आणि उमटता कामाही नये. आढाव्यात त्याच निबंधाला एक वाक्य मिळते, क्वचित दोन. नमुन्यादाखल मीच रचलेले असे एक वाक्य देतो: “प्रकाशकाशी झालेल्या पत्रव्यवहाराच्या आधारे येथे दुसऱ्या आवृत्तीची तारीख मागे नेली आहे; पुरावा पटण्याजोगा आहे, मात्र त्यावरून वाचकवर्गाविषयी काढलेले अनुमान त्या पुराव्याला पेलत नाही.” हे वाक्य लिहिण्यासाठी निबंध वाचावा लागतो, आधीची तारीख कोणी व कशाच्या बळावर ठरवली होती हे माहीत असावे लागते, आणि पुरावा व अनुमान यांतील अंतर मोजण्याचा अधिकार अंगी असावा लागतो. सूचीतील नोंद करणाऱ्याला निबंध कशाविषयी आहे हे अचूक कळले की पुरे. त्यातील म्हणणे खरे की खोटे हा त्याच्या कामाचा प्रश्नच नव्हे.

म्हणून दोन्हींची रचनाही वेगळी होते. आढाव्याचा खंड उघडला की जर्मन साहित्याचा भाग मध्ययुग, सोळावे शतक, सतरावे शतक, अभिजात युग, रोमँटिक युग, 1830 ते 1880, 1880 ते 1945 अशा विभागांत मांडलेला दिसतो आणि प्रत्येक विभागाखाली तो लिहिणाऱ्या अभ्यासकाचे नाव असते. तो सलग गद्यात लिहिलेला असतो, जरी संक्षेपांच्या गर्दीमुळे ते गद्य पहिल्या वाचनात खडकाळ वाटते. काफ्कावरील वर्षभराचे काम तेथे रिल्के आणि टोमास मान यांच्यावरील कामाच्या शेजारी येते, आणि या सर्वांच्या अभ्यासात त्या वर्षी एखादा समान प्रश्न पुढे आला असेल तर तो जाणवतो. सूचीत काफ्का हे नाव आपल्या जागी एकटे उभे असते. तेथे शेजार नाही, पण नेमकेपणा आहे: काफ्काच्या एका विशिष्ट कथेवर काय आले ते क्षणात हाती लागते. अनेक लहानमोठ्या लेखांनी भरलेल्या गौरवग्रंथांच्या बाबतीत तर सूचीला पर्यायच नाही. निवृत्त होणाऱ्या प्राध्यापकांसाठी काढलेल्या गौरवग्रंथाच्या शीर्षकावरून आतील विसाव्या लेखाचा विषय कधीच कळत नाही. सूची तो ग्रंथ उलगडून प्रत्येक लेखाची स्वतंत्र नोंद करते.

या दोन साधनांतील सर्वांत महत्त्वाचा भेद मला त्यांच्या मौनात दिसतो, आणि नेमका तोच सर्वांत कमी ओळखला जातो. एखादा ग्रंथ सूचीत नसेल, तर त्याचा अर्थ एवढाच की तो सूचिकारापर्यंत पोहोचला नाही किंवा सूचीच्या नियमात बसला नाही. एरिक आउअरबाख या जर्मन साहित्य-अभ्यासकाचे उदाहरण घ्यावे. नाझी राजवटीमुळे मारबुर्गमधील प्राध्यापकपद गमावल्यावर ते इस्तंबूलला गेले, तेथे 1942 ते 1945 या काळात त्यांनी ‘मिमेसिस’ लिहिला आणि 1946 मध्ये तो बर्न येथे जर्मनमध्ये प्रसिद्ध झाला. पाश्चात्त्य साहित्यातील वास्तवचित्रणाविषयीच्या या ग्रंथाने पुढील कित्येक दशकांच्या अभ्यासाला वळण लावले. पण अमेरिकन सूचीचा त्या काळातील नियमच असा होता, की अमेरिकेतील अभ्यासकांचे लेखन तेवढे घ्यायचे. इस्तंबूलमध्ये लिहिलेला आणि स्वित्झर्लंडमध्ये छापलेला ग्रंथ त्या नियमाबाहेरचा होता. इतर देशांतील अभ्यासकांसाठी ती सूची खुली झाली ती 1956 पासून. त्यापूर्वीच्या खंडांत एखादे नाव सापडत नाही म्हणून ‘यावर काम झालेले नाही’ असे विधान प्रबंधात करणे म्हणजे सूचीच्या कुंपणाला जगाची सीमा मानणे होय.

आढाव्यातील मौन निराळे असते. तेथे एखाद्या ग्रंथाचा उल्लेख नसेल, तर तो लेखकाच्या पाहण्यात आला नसेल, त्याला जागा मिळाली नसेल, किंवा तो वाचून सांगण्यासारखे काही नाही असे लेखकाने ठरवले असेल. या तिन्ही शक्यता एकाच रिकाम्या जागेत मिसळलेल्या असतात आणि बाहेरून त्या वेगळ्या करता येत नाहीत. म्हणून आढाव्यातील अनुल्लेखावरून ग्रंथ टाकाऊ ठरवणेही तितकेच अन्यायाचे. याची दुसरी बाजू आपल्या विद्यापीठांत रोज दिसते. नियतकालिक अमुक सूचीत समाविष्ट आहे हे अर्जात अभिमानाने लिहिले जाते, जणू ती गुणवत्तेची मोहोर आहे. नियतकालिक निवडताना सूची काही निकष लावते हे खरे. परंतु त्यातील प्रत्येक निबंध वाचून कोणी कौल दिलेला नसतो.

सगळ्या सूच्या एका साच्याच्या असतात असेही नाही. केंब्रिजच्या संस्थेची इंग्रजीची सूची ग्रंथाच्या नोंदीखाली त्या ग्रंथाची परीक्षणे कोठे आली ते देते. अमेरिकन सूची ग्रंथपरीक्षणांची सहसा नोंद करत नाही. ज्याला एखाद्या ग्रंथाचे स्वागत कसे झाले हे पाहायचे आहे, त्याला हा बारकावा ठाऊक नसेल तर तो चुकीच्या दारात बराच वेळ ताटकळतो. जर्मनीत दोन्ही प्रकारांच्या मधला मार्गही रुळला. ट्यूबिंगेन येथे 1960 मध्ये सुरू झालेले ‘गेर्मानिस्टिक’ हे नियतकालिक नोंदी तर देतेच, शिवाय निवडक ग्रंथांना काही ओळींचे सही असलेले परीक्षणही जोडते.

मराठी वाचकाला जवळचे असे एक उदाहरण येथे प्रस्तुत आहे. इंग्लंडमध्ये जन्मलेले जेझुइट या ख्रिस्ती संघाचे धर्मप्रचारक थॉमस स्टीफन्स 1579 मध्ये गोव्यात आले. त्यांचे मराठी ‘क्रिस्तपुराण’ 1616 मध्ये छापले गेले, आणि कोकणी भाषेचे त्यांनी पोर्तुगीजमध्ये लिहिलेले व्याकरण त्यांच्या मृत्यूनंतर, 1640 मध्ये, गोव्यातील राशोल येथे प्रसिद्ध झाले. या व्याकरणावर आज लिस्बनमध्ये कोणी निबंध लिहिला, तर तो आढाव्याच्या कोणत्या विभागात जाईल? भाषा पोर्तुगीज, विषय कोकणी, लेखक इंग्रज, हेतू धर्मप्रसाराचा. पोर्तुगीज विभाग लिहिणाऱ्याला तो आपल्या अंगणातला वाटेल याची खात्री नाही, आणि कोकणी-मराठीचा विभाग त्या आढाव्यात नाहीच. दोन विषयांच्या शिवेवर असलेले काम आढाव्यातून असे निसटू शकते. सूचीत मात्र स्टीफन्स यांच्या नावाखाली, व्याकरणाखाली आणि पोर्तुगीज भाषेखाली अशा तीन वाटांनी तोच निबंध गाठता येतो. गोव्याच्या सोळाव्या-सतराव्या शतकांवर काम करणाऱ्याने म्हणूनच सूचीपासून सुरुवात करावी असे मला ठामपणे वाटते.

याच्या अगदी उलट अनुभव पुण्यात जर्मन साहित्याच्या एका विद्यार्थिनीचा आला. तिने काफ्कावरील अलीकडच्या लेखनाची सूचीतून काढलेली पाने बांधून आणली होती आणि पूर्वसंशोधनाचे प्रकरण त्यांवरूनच लिहिले होते. प्रत्येक शीर्षकाला एक परिच्छेद होता. परिश्रम खरे होते, अक्षर नेटके होते. पण त्यांतील कोणत्या निबंधाने जुना वाद मिटवला, कोणत्या दोघांनी एकमेकांना उत्तर दिले आणि कोणता केवळ आधीचेच पुन्हा सांगत होता, हे त्या पानांना ठाऊक नव्हते, त्यामुळे प्रकरणालाही ठाऊक नव्हते. तिने 1880 ते 1945 या विभागाचे आढाव्यातील काही वर्षांचे लेखन वाचले, तेव्हा तिच्या परिच्छेदांपैकी बरेच आपोआप एकत्र आले आणि काही गळून पडले.

मग सगळीकडे आढावेच का नाहीत? कारण आढावा माणसाला थकवतो. रोमान्स, म्हणजे फ्रेंच, इटालियन, स्पॅनिश यांसारख्या लॅटिनमधून निघालेल्या, भाषांच्या क्षेत्रात याचा स्पष्ट पुरावा आहे. गुस्ताव ग्र्योबर यांनी 1877 मध्ये सुरू केलेल्या जर्मन नियतकालिकाने जोडीला सूचीचे पुरवणी अंक काढले आणि ती परंपरा विसाव्या शतकभर टिकली. कार्ल फोलम्योलर यांनी त्याच क्षेत्रासाठी 1890 पासूनच्या कामाचा ‘चिकित्सक वार्षिक अहवाल’ सुरू केला; अनेक देशांतील जाणकारांनी त्यात लिहिले, पण पहिल्या महायुद्धाच्या काळात तो बंद पडला आणि पुन्हा उभा राहिला नाही. ‘द इयर्स वर्क इन मॉडर्न लँग्वेज स्टडीज’ या इंग्लंडमधील आढाव्यालाही दुसऱ्या महायुद्धाने खीळ घातली, आणि 1940 ते 1949 ही दहा वर्षे एकाच खंडात सामावून घ्यावी लागली. शांततेच्या काळातही एखाद्या विभागाचा लेखक आजारी पडला, निवृत्त झाला किंवा त्याच्यावर अध्यापनाचा भार वाढला, की त्या विभागाच्या जागी ‘पुढील खंडात’ एवढाच शेरा येतो. सूचीचे काम वाटून घेता येते, नियमांनी बांधता येते, नव्या माणसाला शिकवता येते. आढाव्यात मात्र एका क्षेत्रातील वर्षभराचे सारे वाचलेला, निर्भीड आणि तरीही न्यायी माणूस लागतो, आणि त्याच्या या कामाला विद्यापीठे मूळ संशोधन मानायला कचरतात. मला हा मोठा अन्याय वाटतो, कारण नवख्या अभ्यासकाचे वाचनाचे कष्ट ज्या लेखनाने वाचतात त्यालाच सर्वांत कमी श्रेय मिळते.

संगणकामुळे या असमतोलात भर पडली आहे. सूची डेटाबेसमध्ये सहज उतरली. शब्द टाकला की नोंदी झरझर येतात. आढाव्याचे सलग गद्यही आता ऑनलाइन आहे, पण शब्दाने शोधणाऱ्याला त्यातले तेवढेच एक वाक्य दिसते, आणि ज्या परिच्छेदामुळे त्या वाक्याला अर्थ येतो तो वाचायचा राहून जातो. आढावा छापील खंडासारखाच, विभागाच्या आरंभापासून वाचावा लागतो.

सुस्थापित विषय असेल तर मी विद्यार्थ्यांना आढाव्याचे उपलब्ध असलेले सर्वांत नवे चार-पाच खंड उलट्या क्रमाने, नव्याकडून जुन्याकडे, वाचायला सांगतो, कारण मागील वादांचे संदर्भ नव्या खंडात आलेले असतात. आढावा नेहमीच काही वर्षे मागे असतो. तो जेथे थांबतो तेथून आजपर्यंतची वर्षे सूचीतून भरून काढायची, आणि ज्या विभागापुढे ‘पुढील खंडात’ असा शेरा असेल त्याची वर्षे वेगळ्या कागदावर टिपून ठेवून तीही सूचीतच पाहायची. हा वेगळा कागद बहुतेक जण करत नाहीत, आणि प्रबंधातील संदर्भांत नेमकी तीच वर्षे रिकामी राहतात.