दीर्घकालीन चक्कर आणि पेशंटची समजूत

बहुतेक दिवस डोकं हलकं नाहीतर अस्थिर वाटतं आणि असं तीन महिन्यांच्या वर चालतं, तेव्हा ती दीर्घकालीन चक्कर धरतात. ती जाणार की मुक्काम ठोकणार हे कानातल्या तोल सांभाळणाऱ्या भागाच्या बिघाडाइतकंच पेशंट तिला काय समजून बसलाय यावरही ठरतं.

नावाचा घोळ मात्र जुना आहे. १८७०-७१ च्या सुमारास मोकळ्या चौकात येणाऱ्या चक्करेला व्हिएन्नाचे मेंदूतज्ज्ञ बेनेडिक्ट यांनी डोळ्यांशी जोडलं, तर बर्लिनचे मानसोपचारतज्ज्ञ वेस्टफाल यांचं म्हणणं की मूळ भीतीच, आणि तिथून कान-नाक-घसावाले आणि मानसोपचारवाले हे दुखणं एकमेकांकडे ढकलतच राहिले. १९८६ मध्ये जर्मनीतल्या ब्रांट आणि डीटरिश या डॉक्टरांनी त्याला भीतीजन्य चक्कर म्हटलं, पुढे अमेरिकेतल्या स्टाब आणि रकेनस्टाईन यांनी आणखी एक नाव दिलं, शेवटी २०१७ मध्ये बारानी सोसायटी या चक्कर-तोलाच्या तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने सगळं एकत्र करून निकष ठरवले. आता हा मेंदूच्या कामकाजातला बिघाड मानतात, नुसतं मनाचं दुखणं नाही, आणि हेच जास्त पटतं.

होतं असं की कानाचा झटका ओसरल्यावर मेंदू तोल नव्याने बसवतो, पण त्यासाठी डोकं हललं पाहिजे. पडेन, लकवा मारेल, असं धरून बसलेला माणूस अंग ताठ करतो, सगळा भरवसा डोळ्यांवर टाकतो, मग आठवडी बाजारातली गर्दी किंवा एसटीच्या खिडकीतून पळणारी झाडंही गरगरवतात.

विदर्भातल्या खेड्यात "चक्कर येऊन रायली" याच्या मागे कारण लागलेलंच असतं: बीपी लो झाला, गॅस डोक्शात चढला, कमजोरी, मणका दबला, नाहीतर बाहेरचं. कारण तसा इलाज. बीपीला लिंबूपाणी, कमजोरीला सलाईन, मणक्याला गळ्यात पट्टा, बाहेरच्याला बुलढाण्याकडच्या सैलानी बाबाच्या दर्ग्याची वारी. यात घातक मणक्याची समजूतच, कारण बाहेरचं एक दिवस निघून जातं असं मानतात, मणका मात्र जन्माचा, वर पट्ट्याने मान हलायचीच थांबते. मणका दबला असं धरून बसलेली बाई बाजेवरून उठताना आधी भिंत धरते, कोणी हाक मारली तर मान नाही, सगळं अंग वळवून ओ देते, आणि कापूस वेचायला वाकावं लागतं म्हणून वेचणीही सोडते.

अर्थात प्रत्येक चक्कर समजुतीची नसते. रक्त कमी असणं, पूर्व विदर्भातला सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार), ऊन लागणं, फवारणीची विषबाधा (यवतमाळला २०१७ मध्ये फवारणी करताना शेतकरी-मजूर दगावले ते आठवावं) हे आधी तपासावंच लागतं.

डोकं-डोळे हलवायचे व्यायाम कॉथोर्न आणि कुक्सी या डॉक्टरांनी १९४० च्या दशकात इंग्लंडमध्ये बसवले. २००४ च्या यार्डली यांच्या ब्रिटिश चाचणीत नर्सने एकदाच नीट समजावून घरी व्यायाम करायला लावलेल्या ८३ पैकी ५६ जणांना तीन महिन्यांत फरक पडला, नेहमीच्याच उपचारावर राहिलेल्या ८७ पैकी ३३ जणांना. चक्करेच्या गोळ्या महिनोन्‌महिने चालू ठेवल्या तर उलट मेंदूची जुळवाजुळव लांबते. व्यायामाने सुरुवातीला चक्कर वाढते, ते आधी सांगितलेलं नसलं की "पाहा, हलली की वाढते" म्हणत बाई परत बाजेवर पडते.