तंत्रस्नेही शिक्षक प्रशिक्षण (मराठवाडा)

संगणक, प्रोजेक्टर, स्मार्ट टीव्ही, मोबाइल आणि त्यांवरचे शैक्षणिक साहित्य वर्गात वापरता यावे म्हणून नोकरीत असलेल्या शिक्षकाने घ्यायचे प्रशिक्षण आणि त्याच्या जोडीने चालणारा स्वतःचा अभ्यास. छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड, परभणी, हिंगोली, नांदेड, लातूर आणि धाराशिव या 8 जिल्ह्यांत त्याचा मुख्य संबंध जिल्हा परिषदेच्या शाळांशी येतो. सरकारी कागदावर तो सेवांतर्गत प्रशिक्षणाचा एक भाग असला, तरी इथले अनेक गुरुजी आणि बाई हे तंत्र शेजारच्या शाळेतल्या सहकाऱ्याकडून शिकले आहेत, आणि तसे शिकलेले जास्त टिकलेले दिसते.

1986च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था, म्हणजे डाएट, स्थापन झाल्या. बीड जिल्ह्याची संस्था अंबाजोगाईत आणि लातूरची मुरूडला आहे. या संस्थांचे सुरुवातीचे काम आशय आणि अध्यापन पद्धतींपुरते होते. बहुतेकांची संगणकाशी ओळख 2001 साली सुरू झालेल्या एमएस-सीआयटी या संगणक अभ्यासक्रमामुळे झाली. त्या अभ्यासक्रमात टंकलेखन, फाइल, तक्ते आले. चौथीच्या लेकरांना भागाकार शिकवताना संगणकाचे काय करायचे, हा त्याचा विषयच नव्हता. डिसेंबर 2004मध्ये आलेली केंद्र सरकारची ‘आयसीटी’ (माहिती व संप्रेषण तंत्रज्ञान) योजना माध्यमिक शाळांसाठी होती, त्यामुळे वस्तीवरच्या दोनशिक्षकी शाळेपर्यंत ती पोचली नाही.

वळण आले ते 22 जून 2015च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या शासन निर्णयानंतर. प्रत्येक मूल शिकले पाहिजे हा त्याचा गाभा होता, पण त्याच लाटेत ‘डिजिटल शाळा’ आणि ‘तंत्रस्नेही शिक्षक’ हे शब्द गावोगाव पोचले. शाळांनी लोकवर्गणी काढली. सरपंच, पुण्यात नोकरीला गेलेले माजी विद्यार्थी, एखादा दुकानदार असे लोक पुढे आले आणि शाळेत प्रोजेक्टर आला. पत्र्याच्या खोलीत भर दुपारी पडद्यावर काही दिसत नाही, दार-खिडक्या लावल्या तर उकाड्याने मुले बेजार होतात, हे तो बसवल्यावर समजले. पुढे अनेकांनी मोठा टीव्ही पसंत केला त्यामागे हे साधे कारण आहे. त्याच वर्षी ‘सरल’ ही माहितीप्रणालीही सुरू झाली. अनेक शाळांत संगणकाचा पहिला उपयोग शिकवण्यासाठी झालाच नाही, विद्यार्थ्यांची माहिती भरण्यासाठी झाला. ‘ऑनलाइन काम’ म्हटले की शिक्षकाच्या कपाळावर आठी पडते, तिचे मूळ इथे शोधावे लागते.

सरकारी प्रशिक्षण साखळी पद्धतीने उतरते. राज्यस्तरावर तयार झालेले तज्ज्ञ जिल्ह्याला शिकवतात, जिल्ह्याचे सुलभक तालुक्याच्या गटसाधन केंद्रात, आणि तिथून ते केंद्रातल्या, म्हणजे जवळजवळच्या शाळांच्या गटातल्या, शाळांपर्यंत येते. प्रत्येक पायरीवर काहीतरी गळते. सगळ्यात आधी गळतो तो सराव, कारण सभागृहात एकच लॅपटॉप असतो आणि चाळीस जण तो दुरून पाहतात. केंद्रप्रमुखाच्या देखरेखीखाली होणारी केंद्रस्तरीय शिक्षण परिषद या साखळीचे शेवटचे टोक आहे, आणि माझ्या मते सर्वांत मोलाचेही. परिषद सूचना वाचून दाखवण्यात संपली तर ती वाया जाते. पण एखाद्या बाईंनी मोबाइलवर तयार केलेला पाठ सर्वांसमोर घेऊन दाखवला, तर चहाच्या वेळी पाच जण त्यांच्याभोवती जमतात. काइनमास्टर या मोबाइल अ‍ॅपवर चित्रफीत कशी जोडायची, गूगल फॉर्मवर चाचणी कशी लावायची, हे ज्ञान अशा घोळक्यांतून आणि तालुक्याच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांतून पसरले. त्याला प्रमाणपत्र नसते, म्हणून अहवालात ते दिसत नाही.

या प्रशिक्षणात नेमके काय शिकवावे, याचे एक चांगले उत्तर शिक्षणशास्त्रात आहे. ली शुलमन यांनी 1986मध्ये मांडले की विषय येणे आणि शिकवता येणे यांच्या पलीकडे ‘हा विषय कसा शिकवावा’ याचे वेगळे ज्ञान शिक्षकाकडे असते. पुण्य मिश्रा आणि मॅथ्यू कोहलर यांनी 2006मध्ये त्यात तंत्रज्ञानाची भर घालून ‘टीपॅक’ ही चौकट दिली. मराठवाड्यातले उदाहरण घ्यायचे तर पर्जन्यछायेचा पाठ घ्यावा. कोकणात धो धो पाऊस पडत असताना आष्टी-पाटोद्याचे आकाश कोरडे का, हे फळ्यावरच्या आकृतीने सांगता येते; पण पावसाळ्यातले उपग्रहचित्र मोठ्या पडद्यावर लावले की ढग सह्याद्रीवर कसे दाटतात आणि पूर्वेकडे कसे विरळ होतात, ते मुलांना एका नजरेत दिसते. इथे यंत्राने काम केले. वजनमापाच्या पाठात मात्र किराणा दुकानातला तराजू आणि किलोभर गहू कोणत्याही अ‍ॅनिमेशनपेक्षा सरस ठरतात. कोणत्या पाठाला पडदा लावायचा आणि कोणत्या पाठाला बंद ठेवायचा, हा निर्णय शिकवणारी सत्रे फार थोडी. बहुतेक सत्रे बटणे शिकवून संपतात.

5 सप्टेंबर 2017 रोजी ‘दीक्षा’ हा शैक्षणिक साहित्याचा राष्ट्रीय ऑनलाइन मंच सुरू झाला. पाठ्यपुस्तकांतले क्यूआर कोड तिथे उघडतात. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे रणजितसिंह डिसले यांना पुस्तकातल्या क्यूआर कोडच्या कामासाठी ओळखले जाते. 2020मध्ये त्यांना ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळाले, तेव्हा सीमेपलीकडच्या धाराशिवमध्येही शिक्षकांच्या गटांवर अभिनंदनाचा पूर आला. केंद्र सरकारचा ‘निष्ठा’ हा शिक्षक प्रशिक्षणाचा कार्यक्रम 21 ऑगस्ट 2019 रोजी सुमारे 42 लाख शिक्षकांचे उद्दिष्ट ठेवून सुरू झाला. करोनामुळे ऑक्टोबर 2020पासून तो दीक्षावर आला, 18 घटकांचा. त्यातला एक घटक अध्यापनात माहिती तंत्रज्ञान कसे गुंफावे याविषयी होता. चित्रफीत बाजूला चालू ठेवून दुसरे काम उरकायचे आणि शेवटी प्रमाणपत्र उतरवून घ्यायचे, ही युक्तीही याच काळात रुळली. 2020च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्येक शिक्षकाकडून वर्षाला किमान 50 तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा ठेवली आहे. तास मोजणे सोपे असल्यामुळे ही युक्ती लवकर जाईल असे वाटत नाही. करोनाकाळातल्या ‘शाळा बंद पण शिक्षण आहे’ या उपक्रमाच्या महिन्यांत मात्र अनेकांचे खरे प्रशिक्षण झाले: घरात एकच मोबाइल, तोही वडिलांबरोबर शेतात, अशा मुलांपर्यंत पोचायचे तर एका मिनिटाचा आवाजी संदेशच कामाचा, हे कोणत्याही पुस्तिकेत नव्हते.

साहित्याची भाषा हा इथला खास प्रश्न आहे. तयार चित्रफिती प्रमाण मराठीत असतात. बंजारा तांड्यावरचे मूल घरी गोरमाटी बोलते, किनवटच्या पट्ट्यात गोंडी आणि कोलामी ऐकू येते, देगलूर-धर्माबादला तेलुगू तर उमरगा-देवणीला कन्नड. शिवाय उर्दू माध्यमाच्या शाळा आहेत, ज्यांच्या शिक्षकांना प्रशिक्षण बहुधा मराठीतूनच घ्यावे लागते. तांड्यातल्या आजीकडून गोष्ट ध्वनिमुद्रित करून पहिलीच्या वर्गात ऐकवणारा शिक्षक तंत्रज्ञानाचा जो उपयोग करतो, तो विकत आणलेल्या पेनड्राइव्हला जमत नाही. बीडसारख्या जिल्ह्यात भाषेच्या प्रश्नाला ऊसतोडीची जोड आहे. दिवाळीच्या आसपास आईबाप कारखान्याकडे निघाले की वर्ग अर्धा होतो; मागे राहिलेल्यांसाठी हंगामी वसतिगृहे असतात, आणि गेलेल्या मुलांशी मुकादमाच्या किंवा बापाच्या फोनवरून संपर्क ठेवणे हे शिक्षकाच्या अंगावर पडते.

विजेविषयी थोडक्यात सांगायचे तर बिल थकले की जोडणी तुटते आणि भारनियमनाचे वेळापत्रक शाळेच्या वेळापत्रकाला विचारत नाही. काही शाळांनी छतावर सौर पॅनेल बसवून मार्ग काढला आहे.

महाविद्यालयीन प्राध्यापकांची व्यवस्था निराळी असून ती विद्यापीठ अनुदान आयोगाच्या केंद्रांमार्फत चालते. या केंद्रांना 2023पासून मालवीय मिशनचे नाव मिळाले.

शाळेच्या दृष्टीने सर्वांत मोठी अडचण बदलीची आहे. 2017पासून जिल्हा परिषद शिक्षकांच्या बदल्या ऑनलाइन होऊ लागल्या. तंत्रात मुरलेला शिक्षक दुसऱ्या तालुक्यात गेला की कार्यभार देताना टीव्ही, प्रोजेक्टर आणि बॅटरी जडसंग्रह नोंदवहीप्रमाणे मोजून नव्या शिक्षकाच्या ताब्यात दिली जाते. त्याने जमवलेले पाठ, मुलांच्या आवाजातल्या फिती आणि खात्यांचे पासवर्ड यांच्यासाठी त्या नोंदवहीत रकाना नाही, आणि नव्या शिक्षकाच्या प्रशिक्षणाची तारीख त्याच्या बदलीच्या तारखेशी जुळवण्याची कोणतीही सोय अजून केलेली नाही.