तंबोऱ्यातली खरखर

सदाशिव पेठेतल्या आमच्या घरी सकाळच्या रियाजाला लिनक्स या कार्यप्रणालीवर चालणारा लॅपटॉप तंबोऱ्याची साथ करतो. गेल्या महिन्यात त्या साथीत मधूनच ‘कट्ट’ असा आवाज येऊ लागला. भाषणाच्या ध्वनिमुद्रणात असा खंड वाक्यांमधल्या विरामात लपून जाऊ शकतो; तंबोऱ्याचा नाद अखंड असल्यामुळे तो तिथे लगेच कानाला टोचतो. अशा वेळी पहिला संशय स्पीकरवर जातो आणि पुष्कळदा तो बिचारा निर्दोष असतो.

संगणकातला ध्वनी म्हणजे आकड्यांची रांग. साउंड कार्ड प्रत्येक चॅनेलसाठी सेकंदाला 48000 आकडे संपवते आणि कोणासाठीही थांबत नाही. प्रोसेसर मात्र इतर दहा कामे सांभाळत हे आकडे गठ्ठ्यांनी पुरवतो. मधला साठा म्हणजे बफर. नळाला ठरावीक वेळीच पाणी येते म्हणून गच्चीवर टाकी बांधणाऱ्या पुणेकराला तो वेगळा समजावायला नको. 1024 आकड्यांचा गठ्ठा जेमतेम 21 मिलिसेकंद पुरतो. तेवढ्यात पुढचा गठ्ठा आला नाही, तर ध्वनिलहर मध्येच तुटते, स्पीकरचा पडदा एकदम भलत्याच जागी फेकला जातो आणि तोच धक्का आपल्याला ‘कट्ट’ असा ऐकू येतो. म्हणून प्रोसेसर दिवसभर जवळजवळ रिकामा असला तरी खरखर होऊ शकते. प्रश्न ताकदीचा नसून वक्तशीरपणाचा असतो.

लिनक्सच्या तयार संचांना वितरणे म्हणतात; त्यांपैकी फेडोराने 2021 साली 34व्या आवृत्तीपासून गठ्ठे पुरवण्याचे हे काम पाइपवायर या यंत्रणेकडे सोपवले आणि आज अनेक वितरणांत तीच यंत्रणा आहे. तिच्याबरोबर येणारी ‘पीडब्ल्यू-टॉप’ (pw-top) ही आज्ञा टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत चालवली, की ‘ईआरआर’ (ERR) या रकान्यात चुकलेल्या वेळांची मोजणी दिसते. माझ्याकडे प्रत्येक ‘कट्ट’बरोबर तो आकडा वाढत होता. तो वाढला नसता, तर मी वायफायबरोबर 2.4 गिगाहर्ट्झचा पट्टा वापरणाऱ्या ब्लूटूथकडे किंवा सैल जोडणीकडे वळलो असतो.

गठ्ठा 2048 केल्यावर खरखर थांबली, पण माइकवर गाताना स्वतःचा आवाज हेडफोनमध्ये जाणवण्याइतका मागे पडू लागला. शेवटी रोज पहाटे सहाला सुरू होणारा फोटोंचा बॅकअप सापडला. तो रात्री दोनवर ढकलला आणि गठ्ठा पुन्हा 1024 केला.