मुंबईत विणकाम कशाला? लोकरीपलीकडचं उत्तर
“मुंबईत थंडी कुठे पडते? विणकाम शिकून करायचं काय?” लोकलमध्ये सुया बाहेर काढल्या की हे ऐकू येतंच. पण विणकाम म्हणजे फक्त लोकर, हा समज साफ चुकीचा आहे. घरातला बनियन ताणून बघा: सुलट बाजूला बारीक वेणीसारख्या उभ्या रांगा, उलट बाजूला लाटा. तेही विणकामच, यंत्रावरचं आणि सुती! इंग्लंडमधल्या विल्यम ली यांनी मोजे विणायचं यंत्र १५८९ मध्येच बनवलं होतं.

सुती दोऱ्याचा टॉप घाम टिपतो, आपल्या दमट हवेत फार बरा वाटतो. मात्र सुताला लोकरीची लवचीकता नाही. म्हणून आधी चार बोटं नमुना विणा, धुवा, मगच मापं घ्या. आणि ओला टॉप दोरीवर टांगू नका, वजनानं लांबतो. टॉवेलवर पसरून वाळवा.